ड्रंक अँड ड्राइव्ह : रक्त किती वाजता घेतलं, हे आधी विचारा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न शंभर तऱ्हांनी आलाय. "पैसेवाल्याच्या पोराला वेगळा कायदा आणि ट्रकवाल्याला वेगळा, असं आहे का?" कलमं दोघांना तीच आहेत. फरक पडतो तो अपघातानंतरच्या पहिल्या पाच-सहा तासांत. त्या वेळात एकाकडे वकील पोचतो आणि दुसऱ्याकडे नुसती गर्दी. आज त्या तासांबद्दल, आणि त्यातही एका छोट्या बाटलीबद्दल बोलायचंय.

कलमं भराभर सांगतो, कारण ती बहुतेकांना माहीत आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं. मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कलम १८४ म्हणजे धोकादायक चालवणं. त्यात सिग्नल तोडणं, उलट दिशेने येणं, हातात मोबाइल धरणं सगळं येतं. माणूस गेला तर भारतीय न्याय संहितेचं १०६(१), म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये हीच शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. आणि मग १०५, सदोष मनुष्यवध. आपल्या कृत्याने कोणीतरी मरू शकतं याची जाणीव होती, तरी केलं, हे सिद्ध झालं तर दहा वर्षांपर्यंत.

आता महत्त्वाचं. १०६(१) जामीनपात्र आहे, १०५ नाही. म्हणजे पहिल्या रात्री एफआयआरमध्ये कोणतं कलम बसतं, त्यावर आरोपी सकाळी घरी चहा पितो की कोठडीत, हे ठरतं. आणि १०५ कोर्टात टिकायला 'जाणीव' दाखवावी लागते. ती दाखवायचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे रक्तातलं अल्कोहोल.

मुंबईचं कार्टर रोड प्रकरण घ्या. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली. सात मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली सहा महिने आणि पाच लाख दंड. सात माणसांचे सहा महिने! मग मुंबई उच्च न्यायालयाने ३०४ भाग दोन, म्हणजे तेव्हाचं सदोष मनुष्यवधाचं कलम, लावून तीन वर्षं केली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्या निकालात एक आकडा आहे. चालकाच्या रक्तात अल्कोहोल ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलीला ११२ मिलिग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

[जवळून दाखवा : राखाडी झाकणाची ट्यूब]

ही बघा. राखाडी झाकण. तळाशी पांढरी पूड दिसते ना, ते सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट. ऑक्झलेट रक्त गोठू देत नाही. फ्लोराइड जिवाणूंना रोखतं, नाहीतर ते साखर आंबवून बाटलीतच अल्कोहोल तयार करतात. रक्त साध्या बाटलीत घेतलं आणि दोन दिवस उकाड्यात कपाटात राहिलं, तर आकडा वर जाऊ शकतो. बूच ढिलं राहिलं तर उडून खाली येतो. दोन्हीकडून बचावाच्या वकिलाचंच काम होतं.

आपल्याकडे दारूबंदी कायद्याखाली रक्ततपासणीचे १९५९ चे नियम आहेत. ते सांगतात : शिरेतून पाच सीसी रक्त, कोरडी निर्जंतुक सिरिंज, आणि कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श नाही. म्हणजे सुई टोचण्याआधी स्पिरिटचा बोळा फिरवायचा नाही! रात्री तीन वाजता कॅज्युअल्टीत हात सवयीने स्पिरिटकडे जातो, आणि तो बोळा पाच वर्षांनी उलटतपासणीत बाहेर येतो. बाटलीवर नाव, तारीख, वेळ. त्यावर डॉक्टरचं सील. सोबत फॉर्म ए, म्हणजे डॉक्टरने तपासून लिहिलेलं, तोंडाला वास, चाल, बोलणं, डोळ्यांच्या बाहुल्या. फॉर्म बी नमुन्याबरोबर प्रयोगशाळेत जातो, फॉर्म सी म्हणजे तिथून आलेला निकाल. पोलीस ठाण्यात ज्याला 'सीए रिपोर्ट', म्हणजे केमिकल ॲनालायझरचा रिपोर्ट म्हणतात, तो हाच. नमुना सात दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोचायला हवा.

बाटली झाली. आता घड्याळ, कारण बाटली कितीही नीट भरली तरी उशिरा भरलेली असली तर तिच्यात काही सापडत नाही.

शरीर अल्कोहोल ताशी साधारण १५ मिलिग्रॅमने कमी करतं. कोणाचं १०, कोणाचं २०. मधला आकडा धरू. कार्टर रोडचे ११२ घ्या. त्यातून ३० पर्यंत यायला ८२ उतरायला हवेत. ८२ भागिले १५, साडेपाच तास. म्हणजे पहाटे अडीचला ज्याच्या रक्तात ११२ आहेत, तो सकाळी आठला कायद्याच्या मर्यादेत बसतो. दहाला शून्यावर.

आता पुणे. १९ मे २०२४, कल्याणीनगर, पहाटे अडीचच्या सुमारास पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. रक्त घेतलं गेलं सकाळी अकराच्या सुमारास. साडेआठ तास! पुढे नमुना बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली. त्यात दोषी कोण हे कोर्ट ठरवेल. पण बदलाबदलीचा विचार क्षणभर बाजूला ठेवा. साडेआठ तासांनी अगदी खरं, स्वच्छ, सीलबंद रक्त दिलं असतं, तरी आपण आत्ता केलेल्या हिशोबाने त्यात काय उरलं असतं? उशीर एवढा एकच प्रकार पुरावा संपवायला पुरतो, आणि त्यासाठी कोणाला एक रुपयाही द्यावा लागत नाही.

इथे एक गैरसमज खोडतो, कारण तो दर आठवड्याला येतो. "दोन तासांनंतर घेतलेलं रक्त कायद्याने बाद." नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम २०२ म्हणतं की १८५ खाली पकडलेल्याची दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी, नाहीतर त्याला कोठडीतून सोडावं. रिपोर्ट रद्द होतो असं तिथे लिहिलेलं नाही. उशिराचं रक्तही घ्यायचंच, वेळ लिहून घ्यायचं. आणि रक्ताच्या आधी जागेवरच ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकायला लावायचं, कारण त्या पावतीवर वेळ छापून येते. नकार दिला तर तो नकारही लिहून ठेवायचा. कलम २०५ प्रमाणे तो आरोपीच्या विरोधात धरता येतो.

घड्याळाचीच दुसरी बाजू म्हणजे पळून जाणं. वरळीत ७ जुलै २०२४ ला एका महिलेला गाडीने फरफटत नेलं, आरोपी सापडला ९ तारखेला. तोवर रक्तात काय मिळणार? ज्याच्याकडे लपायला फार्महाऊस आणि दुसरी गाडी आहे त्याला दोन दिवस परवडतात. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ तर पोलिसांना कळवायला जास्तीत जास्त २४ तास देतं. २४ तासांत कार्टर रोडचे ११२ तीनदा शून्य होतील. पळण्याला वेगळी जबर शिक्षा देणारं १०६(२) न्याय संहितेत आणलं होतं, दहा वर्षांपर्यंत. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी चक्का जाम केला, पंपांवर रांगा लागल्या, आणि १ जुलैला संहिता लागू झाली तेव्हा नेमकं तेवढं उपकलम बाजूला ठेवलं गेलं.

ट्रकचालकांचं म्हणणं मला पटतं, हे स्पष्ट सांगतो. थांबलो तर जमाव जिवंत सोडत नाही, ही भीती खरी आहे. आणि म्हणूनच रक्ताची ही बाटली त्यांच्याही कामाची आहे. मोठी गाडी आणि अंगावर मळका बनियन बघितला की गर्दी म्हणते, "प्यायलेला आहे." तासाभरात घेतलेला स्वच्छ नमुना त्या माणसाला वाचवतो. त्याने स्वतः मागणी करावी : माझं रक्त घ्या आणि वेळ लिहा.

तिसऱ्या बाजूने बघा, साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून. वकील डॉक्टरला विचारतो : सील कोणाचं? बाटली रात्रभर कुठे होती? फ्रिजची किल्ली कोणाकडे? हवालदाराने कोणत्या तारखेला नेली, नोंद दाखवा. प्रयोगशाळेत आली तेव्हा सील शाबूत होतं का? एका प्रश्नाला 'आठवत नाही' आलं की संशयाचा फायदा आरोपीला. हे प्रश्न चुकीचे नाहीत. आरोपीचा तो हक्कच आहे. फक्त ते विचारणारा वकील ज्याला परवडतो, त्यालाच हा फायदा मिळतो.

अल्पवयीन आरोपीबद्दल दोन वाक्यं, कारण 'त्याला सज्ञान का धरलं नाही' याने कमेंट भरल्यात. बाल न्याय कायद्यात सोळा वर्षांवरच्या मुलावर सज्ञान म्हणून खटला चालवायचा, तर गुन्हा 'घृणास्पद' असावा लागतो, म्हणजे किमान शिक्षा सात वर्षं. कमाल नव्हे, किमान. सदोष मनुष्यवधात किमान सात नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, आणि तेही दिल्लीतल्या एका अल्पवयीन मर्सिडीज-चालकाच्याच प्रकरणात. पुण्याचा पोर्शे-चालकही अल्पवयीन होता, त्याला सज्ञान धरण्याचा पोलिसांचा अर्ज बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळला. राग जामिनाच्या अटीत त्याला लिहायला सांगितलेल्या निबंधावर निघाला, पण अडलंय ते या 'किमान' शब्दाशी, आणि तो संसदेने बदलायचा आहे. पालकांसाठी मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ आहे : तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

"फाशी द्या" लिहिणाऱ्यांनो, तुमचा संताप मला कळतो. पण शिक्षा वाढवून हातात काय येतं, जर ती लागू करायचा पुरावा सकाळी दहापर्यंत शरीरातच जिरून गेलेला असेल?

आता ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय किंवा अतिदक्षता विभागात आहे, त्यांच्यासाठी. ही अवस्था भयंकर असते, म्हणून हे काम चुलतभावाने, शेजाऱ्याने, कोणीतरी शांत डोक्याच्या माणसाने करावं. पोलीस ठाण्यात जाऊन लेखी अर्ज द्या, दोन ओळींचा पुरतो : "चालकाची ब्रेथ आणि रक्ततपासणी तातडीने करून वेळ नोंदवावी." दुसऱ्या प्रतीवर पोच, तारीख आणि वेळ घ्या. स्टेशन डायरीत नोंद करायला सांगा. फिर्याद घरच्यांपैकी कोणी दिली तर एफआयआरची प्रत फुकट मिळते. चालकाच्या सीटवर कोण होतं याचे साक्षीदार पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, 'ड्रायव्हर चालवत होता' ही गोष्ट दुसऱ्या दिवशी येते.

सोसायटी, दुकान, बार, जिथे जिथे कॅमेरा आहे तिथे त्याच दिवशी चित्रीकरण जपून ठेवा म्हणून पत्र द्या आणि प्रत तपास अधिकाऱ्याला. बऱ्याच ठिकाणी रेकॉर्डर पंधरा ते तीस दिवसांत जुन्यावर नवं लिहितो. रक्तात काही सापडलं नाही तर बारचं बिल आणि टेबलावरचं हेच चित्रीकरण 'जाणीव' सिद्ध करायला उरतं.

नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे पोलिसांनी फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं असतं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३. नाही कळवलं तर लेखी मागा. सरकारी वकिलाला साहाय्य करायला स्वतःचा वकील देता येतो, कोर्टाची परवानगी घेऊन. आणि निकाल लागल्यावर : आरोपी सुटला किंवा हलक्या कलमात अडकला, तर पीडिताच्या घरच्यांना अपिलाचा हक्क आहे. शिक्षा कमी वाटली एवढ्याच कारणावर नाही, ते अपील सरकारने करायचं. म्हणून १०५ ऐवजी १०६ मध्ये शिक्षा झाली, तर अपिलाची मुदत कधी संपते ते वकिलाला त्याच दिवशी विचारा.