फोर्टातली टॅक्सी आणि बीटल्सचा डबा

नमस्कार मंडळी. आज डब्याबद्दल बोलूया, जेवणाचा नाही हो, गाण्यांचा, ज्याला बॉक्स सेट म्हणतात तो. साठच्या दशकातला एखादा रॉक अल्बम घ्यायचा, जेमतेम चाळीस मिनिटांचा, तो घासूनपुसून परत काढायचा, सोबत पाचसहा डिस्का, उशी म्हणून वापरता येईल एवढं जाड पुस्तक, एखाददुसरं पोस्टर, आणि किंमत अशी की घरी सांगताना एक शून्य गाळावं लागतं. आणि तरी आपण घेतो. जो अल्बम कॅसेटवर होता, मग सीडीवर घेतला, मग फोनवर फुकट ऐकला, तोच परत! मी घेतलेत म्हणून सांगतेय, आमच्याकडे कपाटाचा एक अख्खा खण त्यात गेलाय आणि त्याला घरात "हुंड्याचं सामान" म्हणतात.

सुरुवात कुठून झाली ते सांगते. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, दादरला राहायचा. त्याच्याकडे बीटल्स या इंग्लंडच्या बँडच्या 'रबर सोल'ची कॅसेट होती आणि एक वॉकमन, ज्याचा डावा इअरफोन मेलेला होता. सुट्टीत गेले की मी तो एकच कान लावून पडून राहायचे. तर मला कितीतरी दिवस वाटायचं की ही पोरं वाद्यांशिवायच गातात! नुसते आवाज, दोन-तीन एकदम, अगदी कानाला तोंड लावून, आणि मधेच काहीतरी खुळखुळतं. ड्रम नाही, बेस नाही. मग एकदा दादाने नवीन इअरफोन आणले आणि डाव्या कानात धाडकन सगळा बँड आला. मी घाबरलेच. खरं सांगू का, थोडा रागही आला, इतके दिवस हे सगळं वाजत होतं आणि मला कोणी सांगितलंच नाही.

हे असं का, ते मला खूप नंतर कळलं. बीटल्सचे पहिले दोन अल्बम दोनच ट्रॅकच्या मशीनवर रेकॉर्ड झाले, एका ट्रॅकवर गाणारे, दुसऱ्यावर वाजवणारे. ते असं वेगळं ऐकायला नव्हतंच, दोन्हींचा तोल सांभाळून एकच मोनो मिक्स, म्हणजे दोन्ही कानांत अगदी तेच ऐकू येईल असं मिश्रण, करता यावा म्हणून होतं. पुढे चार ट्रॅक आले तरी स्टीरिओ, म्हणजे दोन कानांत वेगवेगळं, करताना गाणं एका कानात आणि बँड दुसऱ्या कानात ही खोड काही वर्षं राहिली. कारण तेव्हा इंग्लंडात घरोघरी मोनो प्लेअर, रेडिओही मोनो, स्टीरिओ म्हणजे हौशी लोकांचं काम. त्यांच्या 'सार्जंट पेपर' या अल्बमचा मोनो मिक्स करायला बीटल्स स्वतः बसले, खपले, भांडले असतील, आणि स्टीरिओ नंतर स्टुडिओच्या मंडळींनी भराभर उरकला. आता गंमत बघा, जगाने पुढची चाळीस वर्षं ऐकला तो उरकलेलाच!

म्हणून ९ सप्टेंबर २००९ ला, नऊ नऊ नऊ, जेव्हा बीटल्सचे सगळे अल्बम रीमास्टर होऊन आले तेव्हा स्टीरिओचा डबा आला आणि सोबत मोनोचा वेगळा डबा आला, आणि माझ्यासारखे लोक मोनोवर तुटून पडले. फरक ऐकायचा तर 'शीज लीव्हिंग होम' घ्या. घर सोडून निघालेल्या मुलीचं गाणं. मोनोत त्याची पट्टी चढी आहे आणि चालही जलद आहे, कारण मिक्स करताना टेपचा वेग वाढवला होता, स्टीरिओच्या वेळी ते राहूनच गेलं. मला विचाराल तर मोनोतली मुलगी खरंच घराबाहेर पडलीय, स्टीरिओतली अजून पिशवी भरतेय. किंवा 'हेल्टर स्केल्टर', स्टीरिओत शेवटी त्यांचा ड्रमवाला रिंगो ओरडतो की माझ्या बोटांना फोड आलेत, मोनोत तो ओरडाच नाही, त्याआधीच गाणं संपतं. म्हणजे ज्यांच्याकडे मोनो होता त्यांना ते फोड कळलेच नाहीत बिचाऱ्यांना.

आता एक गोष्ट स्पष्ट करून टाकते कारण यात दुकानदारसुद्धा गोंधळ घालतात. रीमास्टर आणि रीमिक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रीमास्टर म्हणजे आजीचं पितळेचं भांडं चिंच लावून घासणं. भांडं तेच. मूळ मिक्सची टेप काढतात, डिजिटल करतात, कुठे खट्ट झालं असेल, कुठे जोड नीट बसला नसेल ते सावरतात. २००९ च्या कामाला चार वर्षं लागली, आणि एकूण ५२५ मिनिटांच्या संगीतात खरखर काढायचं तंत्र वापरलं ते ५ मिनिटांपेक्षाही कमी ठिकाणी. हे मला फार आवडलं. श्वास, खोकला, खुर्चीची करकर, ते सगळं राहू दिलं. 'अ डे इन द लाइफ'चा शेवटचा पियानोचा सूर तुम्ही ऐकला असेल, तो चाळीसेक सेकंद विरत जातो, विरेल तसा इंजिनिअर आवाज वाढवत नेतो, आणि अगदी शेवटी कोणाची तरी खुर्ची कुरकुरते. ती खुर्ची पुसली असती तर मी पैसे परत मागितले असते.

रीमिक्स म्हणजे भाजी परत फोडणीपासून करणं, सामान तेच पण हात दुसऱ्याचा. आणि इथेच खरी मजा आहे. बघा, 'सार्जंट पेपर' १९६७ मध्ये केला तो चार ट्रॅकवर. चार! आज कॉलेजची पोरं मोबाईलवर शंभर ट्रॅक लावतात. तर चार भरले की काय करायचं, ते चार दुसऱ्या मशीनवर एका किंवा दोन ट्रॅकमध्ये उतरवायचे, म्हणजे परत जागा मोकळी, त्यावर अजून वाजवायचं, परत उतरवायचं. म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. दर वेळी सगळ्यात आधी वाजवलेलं एक थर खाली जातं, आणि सगळ्यात आधी काय वाजवलेलं असतं, तर बहुतेक वेळा ड्रम. रिंगो बिचारा सगळ्यांच्या खाली दबलेला.

पण त्या आधीच्या टेपा टाकून दिल्या नव्हत्या, जपून ठेवल्या होत्या. २०१७ मध्ये, अल्बमला पन्नास वर्षं झाली तेव्हा जाइल्स मार्टिनने, म्हणजे मूळ निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या मुलाने, त्या पहिल्या पिढीच्या टेपा काढल्या आणि त्यांच्यावरून नवीन मिक्स केला. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला दादाचे नवीन इअरफोन आठवले. तसंच धाडकन.

२०१७ च्या या डब्यात गाण्यांचे आधीचे टेकही, म्हणजे शेवटचं पक्कं होण्याआधी वाजवून बघितलेले प्रयत्नही आहेत, आणि एक तुकडा आहे तो मी कितीदा ऐकलाय याचा हिशोब नाही. 'विदिन यू विदाउट यू'च्या वेळी बीटल्समधला गिटारवाला जॉर्ज हॅरिसन स्टुडिओत भारतीय वादकांना बसवून शिकवतोय. लंडनमध्ये, १९६७, दिलरुबा, तबला, तानपुरा, आणि हा लिव्हरपूलचा मुलगा त्यांना गुणगुणून दाखवतोय की इथे असं घ्या. क्लास चालू असल्यासारखं वाटतं, दाराबाहेर चपला काढल्या असतील असं. या वादकांची नावं १९६७ च्या कव्हरवर नव्हती. एकाचंही नाही! त्याच कव्हरवर पुतळे, बॉक्सर, नट, साधू, सगळ्यांची गर्दी आणि वाजवणाऱ्यांना जागा नाही. ती नावं पन्नास वर्षांनी लोकांसमोर आली, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा, नटवर सोनी, आणि ॲना जोशी, जे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा सरळ अण्णा जोशी असंच वाचलं, कोणीही मराठी माणूस तसंच वाचेल.

त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर'वर मात्र एक नाव छापलेलं आहे, 'लव्ह यू टू'वर तबला, अनिल भागवत. रिव्हॉल्व्हरचा डबा आला २०२२ मध्ये आणि त्यात वेगळीच भानगड होती. तिथे ड्रम, बेस आणि गिटार काही गाण्यांत एकाच ट्रॅकवर एकत्र रेकॉर्ड झालेले, म्हणजे मागे जायला टेपच नाही. मग सिनेदिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या टीमने बीटल्सच्या माहितीपटासाठी जे कॉम्प्युटरचं तंत्र तयार केलं होतं ते वापरून एकत्र झालेले आवाज सुटे केले. कालवलेल्या भेळेतून चुरमुरे वेगळे, शेव वेगळी. अचाट आहे. पण मला थोडी कुरकुर करायचीय, काही ठिकाणी ड्रम इतका स्वच्छ निघालाय की तो खोलीत वाजतोय असं वाटत नाही, काचेच्या कपाटात ठेवल्यासारखा वाटतो. दादा म्हणतो तुझे कान म्हातारे झालेत. असेल.

आणि त्रास काय कमी असतो का. माझा एक डबा परदेशातून मागवलेला, कस्टम भरून भरून आला तो कोपरा चेपलेला, आतलं पुस्तक मधोमध दुमडलेलं, कुरिअरवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले मॅडम सीडी वाजतेय ना? वाजत होती. काय बोलणार. मी ते पुस्तक आठवडाभर गव्हाच्या डब्याखाली ठेवलं होतं.

पण ज्या डब्यासाठी आज एवढा वेळ घेतला तो हा नव्हे. २०१४ मध्ये जॉर्ज हॅरिसनचे १९६८ ते ७५ चे सहा अल्बम एकत्र करून 'द ॲपल इयर्स' म्हणून काढले. त्यात पहिला आहे 'वंडरवॉल म्युझिक', कुठल्याही बीटलचा पहिला स्वतंत्र अल्बम, एका सिनेमाचं संगीत, नोव्हेंबर १९६८ चा. आणि याचा मोठा भाग रेकॉर्ड झालाय कुठे, तर आपल्या मुंबईत. जानेवारी १९६८, फोर्टात, फिरोजशा मेहता रोडवर एचएमव्हीचा स्टुडिओ होता तिथे.

लंडनला चार ट्रॅक होते म्हणून मी मघाशी हसले ना, तर मुंबईत तेव्हा होतं मोनो मशीन. एक ट्रॅक! मग एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी हॅरिसनसाठी कलकत्त्याहून ट्रेनने दोन ट्रॅकचं स्टीरिओ मशीन आणवलं. ते अवजड धूड हावड्याहून इथपर्यंत, विचार करा, डब्यात कोणाच्या ट्रंकेशेजारी प्रवास करत आलं असेल. आणि दोनच ट्रॅक म्हटल्यावर झेरॉक्सची झेरॉक्स नाही, आधीचं खाली दबणं नाही, सगळे एका खोलीत बसून एकदम वाजवतायत. सरोदवर आशिष खाँ, तबला-पखवाजला महापुरुष मिश्रा, संतूरला शिवकुमार शर्मा, तारशहनाईला विनायक व्होरा, बासरीला एस. आर. केंकरे. शहनाईवाल्यांत एक हनुमान 'जादेव' आहेत, ते जाधवच असणार, लंडनच्या छापखान्यात त्यांचं असं झालं.

आणि स्टुडिओ होता ऑफिसांच्या वर. साउंडप्रूफिंग नाही. हॅरिसनने नंतर सांगितलंय की नीट कान दिला तर या रेकॉर्डवर खालून जाणाऱ्या टॅक्स्या ऐकू येतात. आणि संध्याकाळी साडेपाचला रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं, का, तर खालची ऑफिसं सुटायची आणि माणसं जिना धडधडत उतरायची, ते सगळं माइकमध्ये यायचं. जगातला सगळ्यात प्रसिद्ध गिटारवाला सरोद-संतूर घेऊन गप्प बसलाय आणि आपला कारकून चर्चगेटची लोकल पकडायला धावतोय! मला हे चित्र इतकं आवडतं ना.

मी एकदा मुद्दाम गेले होते तिथे, साडेपाचच्या सुमारास. आता काय, बँका, वकिलांच्या पाट्या, सँडविचवाला, चहाच्या टपरीवर कटिंग. पण साडेपाच वाजले आणि खरंच सगळ्या दारांतून माणसं बाहेर पडली, पाठीला सॅक, हातात डबा, अर्धी सीएसएमटीकडे, अर्धी चर्चगेटकडे. मी हेडफोन लावून तो अल्बम ऐकत उभी होते आणि आतली टॅक्सी कुठली, बाहेरची कुठली, काही कळेना. मागून एक काका म्हणाले, "ताई, बाजूला, रस्त्यात काय उभ्या राहताय."

त्या सेशनमधली एक धून उरली होती, ती हॅरिसन लंडनला घेऊन गेला, फेब्रुवारीत त्यावर शब्द गायले आणि मार्चमध्ये ती 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आली, 'दि इनर लाइट' म्हणून. रेकॉर्डची मागची बाजू, म्हणजे अर्ध्या लोकांनी उलटलीसुद्धा नसेल. २०१४ च्या डब्यात त्याच धूनचा दुसरा एक टेक आहे, तोपर्यंत कधी बाहेर न आलेला. गाणं नाही, शब्द नाहीत, नुसते वादक, फोर्टात, वरच्या मजल्यावर.

आमचे इंजिनिअर काचेतून घड्याळ दाखवतायत, त्यामुळे मी आता थांबते आणि तो टेक लावायला सांगते. एक काम करा, फॅन बंद करा, आणि हो, दोन्ही इअरफोन चालू आहेत ना ते बघून घ्या. टॅक्सी ऐकू आली तर मला कळवा. मला एकदा आल्यासारखी वाटली होती, पण तेव्हा आमची खिडकी उघडी होती.