पंट रोडपासून दूर: रिचमंडचा २०२० चा हंगाम

(दृश्य: सकाळ. यारा पार्कातील झाडे, त्यांच्या वर डोकावणारे प्रकाशझोतांचे मनोरे, पंट रोडवरील वाहतूक.)

मेलबर्नच्या पंट रोडला लागून असलेले हे लहानसे मैदान आणि झाडांच्या रांगेपलीकडे उभे असलेले ते प्रचंड स्टेडियम यांच्यातील अंतर पायी काही मिनिटांचे आहे. लहान मैदान ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळणाऱ्या रिचमंड फुटबॉल क्लबचे आहे. १८८५ साली क्लबची स्थापना झाली, तेव्हापासून त्याने हा पत्ता सोडलेला नाही. मोठे मैदान म्हणजे मराठी क्रिकेटरसिकांना घरच्यासारखे परिचित असलेले मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, अर्थात एमसीजी. रिचमंडचा संघ सराव या लहान मैदानावर करतो आणि सामने त्या मोठ्या मैदानावर खेळतो. सामन्याच्या दिवशी पिवळे-काळे गळपट्टे गुंडाळलेली माणसे स्वान स्ट्रीटवरून आणि रिचमंडच्या रेल्वे स्थानकावरून या वाटेने लोंढ्याने चालत जातात. त्या वाटेवर आत्ता, या चित्रणात, एक मनुष्य कुत्र्याला फिरवत आहे आणि दुसरे कोणीही नाही.

(दृश्य: एमसीजीची रिकामी आसने, रांगेमागून रांग.)

८ मार्च २०२० रोजी याच मैदानावर महिलांच्या टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना झाला होता. सांगलीची स्मृती मानधना त्या दिवशी भारतातर्फे सलामीला उतरली होती आणि ८६,१७४ प्रेक्षक मैदानात उपस्थित होते. त्यानंतर अकराव्या दिवशी, १९ मार्चला, ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या हंगामाचा पहिला सामना येथे झाला आणि त्याला एकही प्रेक्षक नव्हता. रिचमंड विरुद्ध कार्लटन हा सामना त्या काळी जवळजवळ दर वर्षी हंगामाचे दार उघडत असे आणि एरवी त्याला ऐंशी हजारांच्या आसपास गर्दी होत असे. या वेळी मात्र तो खेळवायचा की नाही, याचाच निर्णय आदल्या दिवशी संध्याकाळी झाला. सामन्यात रिचमंडने १०५ आणि कार्लटनने ८१ गुण मिळवले. लाथेने उडवलेला चेंडू जमिनीवर आदळल्याचा आवाज आणि खेळाडूंनी एकमेकांना घातलेल्या हाका आसनांवर आपटून परत येताना ऐकू येतात. चित्रणाचा हा भाग आम्ही संगीताविना ठेवला आहे.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. याचा जन्मच मुळी क्रिकेटच्या पोटी झाला. १८५८ साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने एका क्रीडापत्राला पत्र लिहून असे सुचवले, की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर सुस्तावू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. आणि पुढच्याच वर्षी, मे १८५९ मध्ये, मेलबर्नच्या मंडळींनी या खेळाचे दहा नियम कागदावर उतरवले. मैदान लंबवर्तुळाकार असते, कारण ते क्रिकेटचेच असते. प्रत्येक संघाचे अठरा खेळाडू मैदानात असतात, चेंडू लांबट असतो आणि तो लाथेने किंवा मुठीच्या ठोशाने पुढे पाठवावा लागतो. हाताने फेकण्यास मनाई आहे. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने चेंडू गेला तर तो गोल होतो आणि सहा गुण मिळतात, आणि बाजूच्या फटीतून गेला तर एक. सहकाऱ्याने लांबून उडवलेला चेंडू झेलण्यासाठी एखादा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर गुडघा रोवून हवेत चढतो, तेव्हा हा खेळ पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाला दहीहंडीची आठवण झाली तर त्यात नवल नाही. स्थानिक लोक त्याला लाडाने ‘फुटी’ म्हणतात, आणि मेलबर्नमध्ये नव्याने आलेल्या माणसाला नाव-गावाच्या पाठोपाठ जो प्रश्न विचारला जातो, तो ‘तुमचा क्लब कोणता?’ हा असतो.

रिचमंडच्या चाहत्यांना या प्रश्नाचे उत्तर देताना बरीच वर्षे ओशाळे व्हावे लागत असे. १९८० च्या विजेतेपदानंतर क्लबच्या हाती ३७ वर्षे काहीही लागले नाही. डेमियन हार्डविक २०१० पासून प्रशिक्षक होते. २०१६ साली संघ तेराव्या स्थानावर घसरला, तेव्हा त्यांना काढून टाकावे अशी मागणी उघडपणे होत होती. क्लबने त्यांना काढले नाही. पुढच्याच वर्षी रिचमंडने चषक जिंकला आणि २०१९ मध्ये पुन्हा जिंकला. त्या दुसऱ्या अंतिम सामन्याला एमसीजीवर १,००,०१४ माणसे होती. २०२० चा हंगाम उजाडला तेव्हा क्लबचे सभासद एक लाखाहून अधिक होते. या क्लबला महामारीने नेमके कशापासून तोडले, हे समजण्यासाठी ही संख्या ध्यानात ठेवलेली बरी.

(दृश्य: पंट रोडच्या मैदानाचे बंद फाटक. कुलूप.)

२२ मार्चला, पहिली फेरी पुरती संपते न संपते तोच, हंगाम स्थगित झाला. खेळाडूंनी निम्मे वेतन सोडण्याचे मान्य केले, संघटनेने व क्लबांनी बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी बसवले आणि त्यांपैकी अनेकांना पुन्हा बोलावणे आलेच नाही. महिलांच्या स्पर्धेचा हंगाम विजेता न ठरवताच गुंडाळण्यात आला.

११ जूनला खेळ पुन्हा सुरू झाला. रिचमंड आणि कॉलिंगवुड हे पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रतिस्पर्धी रिकाम्या एमसीजीवर उतरले आणि दोघांचेही ३६ गुण होऊन सामना बरोबरीत सुटला. दूरचित्रवाणीवर गर्दीचा ध्वनिमुद्रित गलका जोडण्याची पद्धत याच टप्प्यावर सुरू झाली. आमच्या मते ती पद्धत खेळापेक्षा प्रेक्षकांचीच अधिक थट्टा करणारी होती. त्यापुढचे दोन्ही सामने रिचमंड हरला. तोवर जुलै उजाडला आणि व्हिक्टोरिया राज्यात संसर्गाची दुसरी लाट आली. शेजारच्या राज्यांनी सीमा बंद केल्या. मेलबर्नमध्ये राहून हंगाम खेळणे अशक्य झाले आणि राज्यातील सर्व दहा क्लबांना बाहेर पडावे लागले.

(दृश्य: गोल्ड कोस्टचा समुद्रकिनारा, उंच इमारती, ऊन.)

रिचमंडचा संघ क्वीन्सलँडमधील गोल्ड कोस्टला गेला. चित्रात दिसणारे ऊन आणि समुद्र पाहून ही सहल होती असा समज होण्याची शक्यता आहे, आणि त्या काळात मेलबर्नमध्ये घरात अडकलेल्या अनेकांचा तसा समज झालाही होता. वस्तुस्थिती अशी, की खेळाडू, प्रशिक्षक आणि मालिश करणारे मदतनीस एकाच आवारात राहत, तेथेच जेवत आणि परवानगीखेरीज बाहेर जात नसत. ठरलेल्या वेळी चाचणी होई आणि कोणाला भेटायचे याचेही नियम होते. काहींच्या बायका-मुलांना विलगीकरणाचे दोन आठवडे काढून नंतर तेथे येता आले. बाचर हूली आणि शेन एडवर्ड्स हे दोघे अनुभवी खेळाडू कुटुंबासाठी सुरुवातीला मेलबर्नमध्येच थांबले आणि पुढे संघात दाखल झाले. एकत्र कोंडलेल्या कुटुंबात जे होते, तेच येथेही झाले. सप्टेंबरमध्ये दोन तरुण खेळाडूंनी रात्री बाहेर पडून नियम मोडले आणि रस्त्यावर मारामारीत सापडले. त्यांना प्रत्येकी दहा सामन्यांची बंदी आणि क्लबला एक लाख डॉलर दंड झाला. हा प्रसंग झाकण्याचे कारण नाही, आणि तोच साऱ्या हंगामाचा चेहरा आहे असे मानण्याचेही कारण नाही.

त्या वर्षीच्या वेळापत्रकाबद्दल मात्र अधिक विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पुढच्या वादाचे मूळ त्यात आहे. तोवर २२ सामन्यांचा असणारा हंगाम १७ सामन्यांवर आणण्यात आला. सामना चार पाव डावांचा असतो; त्यांतील प्रत्येक पाव डाव वीस मिनिटांऐवजी सोळा मिनिटांचा झाला. जुलैच्या अखेरीपासून वीस दिवसांत तेहेतीस सामने उरकण्यात आले, म्हणजे दररोज कोणी ना कोणी मैदानात होते आणि एरवी आठवड्याला एक सामना खेळणाऱ्या शरीरांना चार-पाच दिवसांनी पुन्हा उभे राहावे लागत होते. या खेळात धक्का आणि पाडापाडी हा अपघात नसून रीत आहे, हे लक्षात घेतले म्हणजे चार दिवसांची विश्रांती किती तोकडी असते हे कळते. प्रशिक्षकांना संघ सतत फिरवावा लागला आणि ज्या क्लबाकडे राखीव फळी भक्कम होती, तोच टिकला.

(दृश्य: डार्विनचे मैदान, लालसर आकाश, स्थानिक आदिवासी कलाकारांचे नृत्य.)

२२ ऑगस्टची ही दृश्ये उत्तरेच्या टोकाला असलेल्या डार्विनची आहेत. रिचमंड आणि एसेंडन यांच्यात दर वर्षी होणारा ‘ड्रीमटाइम’ सामना ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी समाजाच्या सन्मानार्थ खेळला जातो. २००५ पासून तो एमसीजीवर होत आला होता. या वर्षी तो प्रथमच मेलबर्नबाहेर, लाराकिया लोकांच्या भूमीवर झाला, आणि तेथे प्रेक्षकही होते. रिचमंडने तो जिंकला. योगायोगाने त्याच दिवशी गणेश चतुर्थी होती. मेलबर्नमध्ये रात्री आठ ते पहाटे पाच संचारबंदी होती आणि घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जाण्यास मनाई होती. तेथील मराठी घरांत त्या वर्षी बाप्पासमोर आरतीला घरचीच माणसे होती. फुटीचे चाहतेही तसेच घरच्याच माणसांबरोबर पडद्यासमोर बसून डार्विनचे ते आकाश पाहत होते. महामारीने व्हिक्टोरियात त्या वर्षी आठशेहून अधिक बळी घेतले.

साखळी संपली तेव्हा रिचमंड बारा विजय, चार पराभव आणि एका बरोबरीसह तिसऱ्या स्थानावर होता. बाद फेरीत पहिल्याच सामन्यात ब्रिस्बेनने त्याला गॅबावर १५ गुणांनी हरवले. तेथून मागे फिरण्यास वाव नव्हता. सेंट किल्डाविरुद्ध ३१ गुणांनी विजय मिळवून संघ ॲडलेडला गेला आणि १६ ऑक्टोबरच्या रात्री, पावसात, अव्वल स्थानावरील पोर्ट ॲडलेडशी त्यांच्याच मैदानावर, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर खेळला. निसरडा चेंडू हातात टिकत नव्हता. गुणफलकावर शेवटी ४६-४० असे आकडे दिसले. आमच्या दृष्टीने त्या हंगामातला रिचमंडचा खरा अंतिम सामना हाच होता.

(दृश्य: रात्रीचे गॅबा. प्रकाशझोत.)

२४ ऑक्टोबरला ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर अंतिम सामना झाला. या स्पर्धेचा अंतिम सामना व्हिक्टोरियाबाहेर कधीच झाला नव्हता आणि रात्रीही कधी खेळला गेला नव्हता. एमसीजीच्या हिरवळीचा एक तुकडा मुद्दाम नेऊन गॅबात बसवण्यात आला. देवळाची माती दुसऱ्या गावी नेण्यासारखाच हा प्रकार होता. मैदानात २९,७०७ प्रेक्षक होते. समोर जीलाँग हा व्हिक्टोरियाचाच, रिचमंडसारखाच घराबाहेर काढलेला संघ होता. सुरुवातीलाच रिचमंडचा निक व्लास्टुइन बेशुद्ध होऊन बाहेर गेला, तर जीलाँगच्या गॅरी ॲब्लेटचा खांदा त्याच्या कारकिर्दीच्या अखेरच्या सामन्यात दुखावला. दुसऱ्या पाव डावात जीलाँगने २२ गुणांची आघाडी घेतली. मध्यंतर होण्याच्या बेतात असताना डस्टिन मार्टिनने गोल केला आणि मध्यंतराला ती आघाडी १५ गुणांची उरली. उत्तरार्ध पूर्णपणे रिचमंडचा होता. मार्टिनने एकूण चार गोल केले, रिचमंड ८१-५० असा ३१ गुणांनी जिंकला आणि अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे नॉर्म स्मिथ पदक तिसऱ्यांदा मिळवणारा मार्टिन हा पहिलाच खेळाडू ठरला. कर्णधार ट्रेंट कॉचिन आणि हार्डविक यांनी चषक उंचावला. चार वर्षांतील हा तिसरा आणि क्लबच्या इतिहासातील तेरावा चषक होता.

यावर आजही असे म्हटले जाते, की आखूड हंगामातील या विजेतेपदापुढे फुलीची खूण करावी, म्हणजे ते पूर्ण मोलाचे मानू नये. हा आक्षेप आम्हाला मान्य नाही. सोळा मिनिटांचे घड्याळ अठराही संघांसाठी सारखेच होते. एमसीजीचा आधार रिचमंडइतका दुसऱ्या फार थोड्या क्लबांना होता, आणि नेमका तोच आधार काढून घेतल्यावर, घरापासून सुमारे साडेतीन महिने दूर राहून, त्याने हा चषक मिळवला. फुली करायचीच असेल, तर ती अवघड या अर्थाने करावी.

(दृश्य: स्वान स्ट्रीट, रात्र. खिडक्यांत पिवळे-काळे झेंडे. ट्राम.)

अंतिम सामन्याच्या रात्री मेलबर्नची टाळेबंदी उठलेली नव्हती; चार दिवसांनी, २८ ऑक्टोबरला, दुकाने आणि उपाहारगृहे उघडली. डिसेंबरमध्ये अजिंक्य रहाणेने एमसीजीवर शतक ठोकले, तेव्हा मर्यादित संख्येने का होईना, आसनांवर माणसे दिसली.

(दृश्य: यारा पार्कातील तीच वाट, या वेळी गर्दीने भरलेली. मैदानात १०५ चा आकडा दाखवणारा गुणफलक.)

१८ मार्च २०२१ रोजी रिचमंड आणि कार्लटन एमसीजीवर पुन्हा समोरासमोर आले. निम्म्याच प्रेक्षकांना परवानगी होती आणि ४९ हजारांहून अधिक लोक आले. रिचमंडने आदल्या वर्षीइतकेच, म्हणजे १०५ गुण केले. कार्लटनचे या खेपेस ८० झाले. सामन्यानंतर क्लबगीत सुरू झाले आणि त्यात संघाचे रंग येतात त्या जागी ‘पिवळा आणि काळा’ ही आरोळी गर्दीने दिली. ती मूळ ध्वनीतच ऐकावी, म्हणून निवेदन येथे थांबते.