सिमेंटच्या टाकीतली नदी

जुलै महिना, भंडारा जिल्हा, संध्याकाळचे साडेपाच झालेत. दुपारभर पाऊस पडून गेलाय आणि आपण एका सरकारी मत्स्यबीज केंद्राच्या बांधावरून चाललोय, पायाखाली नुसता चिखल. समोर ती गोल सिमेंटची टाकी दिसतेय ना, तिच्याकडे नीट बघा, आज रात्री तिथे नदी वाहणार आहे.

म्हणजे कसं, रोहू, कटला, मृगळ हे मूळचे नदीतले मासे. तळ्यात सोडले तर मस्त वाढतात, मादीच्या पोटात अंडीपण भरतात, पण साचलेल्या पाण्यात ती काही अंडी टाकत नाही, तिला पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणून पूर्वी बीज, म्हणजे माशांची इवली पिल्लं, नदीतूनच गाळून घ्यायचे, त्यात नको त्या माशांची पिल्लंही यायची, आणि ते हावड्याहून रेल्वेने देशभर जायचं, वाटेत किती मरायची विचारू नका. मग १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुलला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं (म्हणजे रोहू-कटलाच्या जातकुळीतल्या माशांचं) प्रजनन करून दाखवलं. त्याच दिवसाची आठवण म्हणून १० जुलैला मत्स्य शेतकरी दिन असतो.

आता ग्रंथी काढत बसावं लागत नाही, तयार हार्मोनचं इंजेक्शन मिळतं. हे काका बघा, ओल्या फडक्यात मादी धरलीय, डोळे झाकले की ती शांत राहते म्हणे, आणि पाठीवरच्या पराजवळ खवल्याखालून सुई. एका मादीमागे दोन नर. सगळे टाकीत सोडले, वरून फवारे सुरू केले, कडेच्या नळांनी पाणी गोल फिरायला लागलं. झाला पाऊस, झाली नदी.

रात्री अकराच्या पुढे टाकीत एकदम खळबळ. नर मादीच्या मागे लागलेत, पाणी कठड्यावरून उडतंय, आणि टॉर्च मारला तर पाण्यात अंडीच अंडी, भिजलेल्या साबुदाण्यासारखी, आरपार दिसणारी. ती पाइपातून शेजारच्या उबवणीच्या टाकीत जातात, तिथेही पाणी फिरतंच ठेवायचं, कारण अंडी तळाला बसली की गेली.

आणि दोन वाजता लाईट गेली.

काका काही बोलले नाहीत, टॉर्च घेऊन थेट जनरेटरकडे पळाले. उंचावरच्या टाकीत पाणी होतं म्हणून तेवढा वेळ धार चालू राहिली. मी कॅमेरा खाली ठेवला आणि नुसता त्या फिरणाऱ्या पाण्याकडे बघत बसलो, छातीत धडधड होत होती. हे लोक पावसाळाभर अशाच रात्री काढतात, आणि आपल्या ताटातल्या रोहूमागे त्यांची ही जागरणं आहेत हे कुणालाच माहीत नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अंडी फुटली. पुढचे तीन दिवस पिल्लू पोटाखालच्या पिशवीवरच जगतं, मग त्याला तोंड फुटतं. याला म्हणतात मत्स्यजिरे, आणि हातात घेतलं की कळतं हे नाव का पडलं, खरंच जिऱ्याएवढं, फक्त दोन काळे डोळे आणि वळवळ. मोजायचं कसं? चाळणीच्या कपाने. एका कपातली पिल्लं एकदा मोजायची, मग नुसते कप मोजायचे.

जिरं थेट मोठ्या तलावात सोडलं तर बाकीचे मासे फस्त करतात. म्हणून आधी शेणखत टाकून तयार केलेल्या छोट्या तळ्यात, पेंड आणि भाताचा कोंडा घालून वाढवायचं. शंभरातली तीस-चाळीस जगली तरी चांगलं. बोटाएवढी झाली की मत्स्यबोटुकली.

आता ऑगस्टचा शेवट. ढीवर, म्हणजे मच्छीमारांच्या सोसायटीचे एक भाऊ मोटरसायकलवरून बोटुकली न्यायला आलेत, पिशवीत थोडं पाणी आणि वर भरपूर ऑक्सिजन. त्यांच्या मागे मागे आपण मामा तलावावर, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावावर आलोय. पिशवी लगेच उघडायची नाही, आधी तशीच पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार होईपर्यंत. भाऊ कमरेएवढ्या पाण्यात उभे आहेत, एक हात पिशवीवर. आता तोंड सोडलं. पिल्लं क्षणभर आतच घुटमळली, मग एक बाहेर आलं, आणि त्याच्या मागून सगळीच.