न झालेल्या टकरीचा उजेड

स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर, जिनिव्हाजवळच्या शेतांखाली सुमारे शंभर मीटर खोल, २७ किलोमीटर घेराचा एक बोगदा आहे. त्यातल्या दोन नळ्यांमधून प्रोटॉनचे पुंजके परस्परविरुद्ध दिशांनी धावतात आणि प्रत्येक प्रोटॉन सेकंदाला ११,२४५ फेऱ्या पूर्ण करतो. सर्न संस्थेचा हा लार्ज हॅड्रॉन कोलायडर प्रसिद्ध आहे तो टकरींसाठी, आणि त्याच्या चित्रांत आपण पाहतो तेही टकरीनंतर चहूकडे उधळलेले कण. ही गोष्ट मात्र अशा प्रोटॉनांची आहे, जे एकमेकांच्या अगदी जवळून जातात, पण आदळत नाहीत.

प्रोटॉनवर विद्युतभार असल्यामुळे त्याच्याभोवती विद्युत क्षेत्र असते. प्रोटॉन स्थिर असताना हे क्षेत्र सर्व दिशांना सारखे पसरलेले असते. परंतु त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाला भिडू लागला की ते गतीच्या दिशेने आक्रसते आणि लाटलेल्या पापडासारखे पातळ होते. वाटेत असलेल्या दुसऱ्या कणाला ते अंगावरून सर्रकन गेलेल्या प्रकाशाच्या झोतासारखेच जाणवते. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी ही कल्पना १९२४ मध्ये मांडली आणि दहा वर्षांनी वाइत्सेकर व विल्यम्स या भौतिकशास्त्रज्ञांनी तिला अतिवेगवान कणांसाठी योग्य असे गणिती रूप दिले. त्यांच्या हिशेबाने धावणारा प्रोटॉन फोटॉनांचा, म्हणजे प्रकाशकणांचा, लवाजमा सोबत घेऊनच निघालेला असतो. दोन प्रोटॉन शेजारून जाताना कधीतरी या लवाजम्यांतला एकेक फोटॉन परस्परांना भेटतो, त्या भेटीतून म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) आणि त्याचा विरुद्ध भाराचा प्रतिकण प्रतिम्युऑन यांच्यासारखी जोडी जन्माला येते, आणि दोन्ही प्रोटॉन बहुतेक वेळा अखंड राहून, थोडी ऊर्जा गमावून, पुढे निघून जातात.

अशी एक आदर्श घटना संगणकाच्या पडद्यावर कशी दिसेल, याची कल्पना करा: बरोबर समोरासमोरच्या दिशांना गेलेल्या म्युऑनांच्या दोन रेषा, आणि बाकी सर्वत्र शुकशुकाट. टकरींतून निघालेले कण टिपणाऱ्या, कोलायडरवरच्या सीएमएस या शोधकाच्या मध्यभागातून बाहेर पडणारे म्युऑन त्याच्या प्रचंड चुंबकाच्या वेटोळ्याबाहेर सिंटिलेटरच्या, म्हणजे कण आरपार गेला की चमकणाऱ्या पदार्थाच्या, एका थरातून जातात. तो थर भारतीय संस्थांनी उभारला असून त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. प्रत्यक्षात मात्र असा शुकशुकाट दुर्मीळ असतो, कारण पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी समोरासमोर येतात आणि प्रत्येक भेटीत इतर डझनावारी प्रोटॉन खरोखरच आदळत असतात. त्या गोंगाटात दोन म्युऑन कोणत्या बिंदूतून निघाले हे आधी ठरवायचे, आणि मग त्या बिंदूतून दुसरा एकही विद्युतभारित कण निघालेला नाही याची खात्री करायची, असे हे काम आहे.

याहून भक्कम पुरावा हवा असेल, तर निसटलेला प्रोटॉनच पकडावा लागतो. ऊर्जा गमावलेला प्रोटॉन कोलायडरच्या चुंबकांमध्ये इतरांपेक्षा जास्त वळतो आणि मूळ झोतापासून किंचित बाजूला सरकतो. म्हणजे जे चुंबक झोत वळवण्यासाठी बसवले, तेच इथे वजनकाट्याचे काम करतात. टकरीच्या बिंदूपासून दोनशेहून अधिक मीटर दूर बसवलेल्या ‘रोमन पॉट’ नावाच्या सरकत्या डब्यांत शोधक असतात, आणि झोत स्थिरावला की हे डबे त्याच्यापासून जेमतेम काही मिलिमीटर अंतरापर्यंत आत सरकवले जातात. नावातला रोमन हा शब्द पुरातन काळाशी संबंधित नाही. सत्तरच्या दशकाच्या आरंभी हे तंत्र वापरणारा भौतिकशास्त्रज्ञांचा गट रोमचा होता, एवढेच.

यानंतर जमाखर्च मांडता येतो. म्युऑनांच्या मोजमापावरून प्रोटॉनने किती ऊर्जा दिली असावी हे काढायचे आणि दूरच्या डब्यात नोंदलेल्या प्रोटॉनने खरोखर तेवढीच गमावली आहे का, ते पाहायचे. ६,५०० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जेच्या प्रोटॉनची चार टक्के ऊर्जा कमी झाली असेल, तर दुसऱ्या बाजूला सुमारे २६० चा हिशेब लागलाच पाहिजे. सीएमएस आणि त्याच्याच टकरीच्या बिंदूवरचा टोटेम या प्रयोगांनी २०१६ च्या नोंदींमधून या कसोटीला उतरलेल्या अवघ्या वीस घटना निवडल्या: बारा म्युऑनांच्या जोड्यांच्या आणि आठ इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांच्या. आकडा लहान आहे, पण दोन स्वतंत्र मोजमापे जुळत असल्यामुळे त्याचे वजन मोठे आहे.

फोटॉनवर स्वतःवर विद्युतभार नसतो, त्यामुळे दोन फोटॉनांच्या भेटीतून काय निपजते याला सिद्धान्ताच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. दोन फोटॉनांपासून डब्ल्यू बोसॉनांची (क्षीण बल वाहणाऱ्या जड, विद्युतभारित कणांची) जोडी तयार होते, हे कोलायडरवरच्याच अॅटलास या दुसऱ्या प्रयोगाने २०२० मध्ये निःसंशय दाखवले. त्यासाठी एक इलेक्ट्रॉन आणि एक म्युऑन एकाच बिंदूतून निघालेले, आणि त्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटरपर्यंत इतर कोणत्याही कणाची मोजण्याजोगी वाट नाही, अशाच घटना घेतल्या गेल्या.

२०२४ मध्ये सीएमएसने प्रोटॉनांच्या बाबतीत प्रथमच फोटॉनांपासून टाउ कणांची, म्हणजे म्युऑनाहूनही जड भाऊबंदांची, जोडी निर्माण झालेली पाहिली. टाउ एका सेकंदाच्या तीन लाख कोटींव्या भागाएवढाच काळ जगतो, त्यामुळे म्युऑनासारखा त्याला कड्यात फिरवून त्याचे चुंबकीय आघूर्ण (तो किती बळाचा सूक्ष्म चुंबक आहे याचे माप) मोजता येत नाही. फोटॉनांशी त्याचे कसे जुळते यावरूनच ते ओळखावे लागते. या निरीक्षणाने त्या आघूर्णाच्या किमतीवर घातलेली मर्यादा आधीच्या मोजमापापेक्षा जवळपास पाचपट काटेकोर ठरली. ते जुने मोजमाप केले होते इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या लेप या कोलायडरने, जो २००० सालापर्यंत याच बोगद्यात चालू होता.