त्वचेतली जुनी साखर

मंडळी, जाहीर केलेला विषय आहे, डायलिसिसवरच्या मधुमेही रुग्णांच्या त्वचेत साचणाऱ्या एजीईंचं, म्हणजे साखर प्रथिनांना चिकटून वर्षानुवर्षं बदलत तयार होणाऱ्या पदार्थांचं करायचं काय. तिकडे येतोच. पण आधी एचबीएवनसी या साखरेच्या रक्ततपासणीबद्दल बोलू द्या, कारण त्या आकड्यावरचा आंधळा विश्वास सुटल्याशिवाय त्वचेकडे कुणी बघणार नाही.

एचबीएवनसी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. डायलिसिसवर मात्र या पेशी लवकर मरतात. त्यात एरिथ्रोपोएटिनची, म्हणजे लाल पेशी वाढवणारी इंजेक्शनं चालू असतात. कोऱ्या पेशी भराभर येतात आणि त्यांना साखर चिकटायला पुरेसे दिवसच मिळत नाहीत. रक्त चढवलं तर आपण दात्याच्याही पेशी मोजतो. उलट, लोह कमी असेल तर आकडा वर सरकतो. शिवाय मूत्रपिंड थकलं की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, डोस कमी करावा लागतो. मग रिपोर्टवर एचबीएवनसी ६.२ टक्के दिसतं आणि घरचे म्हणतात, ‘मधुमेह गेला!’ हे वाक्य मला फार खुपतं. मधुमेह गेलेला नसतो, मोजपट्टी आखडलेली असते.

आता सांगा, जुना हिशेब कुठे सापडेल? केसांत? नखांत? ती तर आपण कापून टाकतो! त्वचेला बळकटी देणारं प्रथिन, कोलॅजेन, मात्र निम्मं बदलायला सुमारे १५ वर्षं लागतात. साखर आधी प्रथिनाला सैल चिकटते, मग जरा पक्की. एचबीएवनसी याच टप्प्यावरचं. त्यापुढे महिने-वर्षं रासायनिक बदल होत एजीई तयार होतात. ती परतीची वाट नाही. भाजलेल्या पावाला तपकिरी रंग येतो तो याच जातीच्या क्रियेनं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी ती १९१२मध्ये वर्णन केली. कोलॅजेनच्या शेजारशेजारच्या धाग्यांमध्ये गाठी पडतात, रक्तवाहिन्या ताठरतात. मधुमेहात हे तयार जास्त होतं. मूत्रपिंड गेलं की बाहेरही पडत नाही. डायलिसिसनं सुटे, छोटे तुकडे निघतात, कोलॅजेनला जखडलेले नाहीत.

त्वचेतल्या एजीईंची मोजणी सोपी आहे, म्हणूनच ती बिघडते. कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या बाजूवर सुमारे ३७० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकायचा आणि ४२० ते ६०० नॅनोमीटरमध्ये परत येणारी चमक मोजायची. फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेला हात नको. तिथला रक्तप्रवाहच वेगळा असतो. क्रीम, सनस्क्रीन नको. व्रण, तीळ, ठळक शिरा टाळायच्या. तीन वाचनांची सरासरी घ्यायची, आणि दर वेळी डायलिसिसच्या आधी, जेवणापासून तेवढ्याच अंतरानं. गडद त्वचा प्रकाश शोषते. परावर्तन ६ टक्क्यांखाली गेलं तर तो आकडा वापरूच नका. आणखी एक: एजीईंचे प्रकार अनेक. त्यातलं पेंटोसिडीन चमकतं, सीएमएल चमकत नाही. म्हणजे ही सगळ्या एजीईंची मोजदाद नव्हे, अंदाज आहे. पण कामाचा अंदाज आहे. नेदरलँड्समधल्या हिमोडायलिसिसच्या रुग्णांत हा आकडा जास्त असणाऱ्यांचे मृत्यू जास्त झाले, हे २००५मध्येच प्रसिद्ध झालं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा ‘करायचं काय’ हे भरभर सांगतो.

साखरेसाठी एचबीएवनसीच्या जोडीला बोट टोचून घेतलेल्या साखरेची नोंद किंवा त्वचेवर लावायचा साखरेचा सेन्सर ठेवा. त्वचेचा आकडा आजच्या इन्सुलिनचा डोस ठरवायला नाही, धोका ओळखायला आहे. धूम्रपान थांबवा, धुरातूनही एजीई येतात. पोटाच्या डायलिसिसचं ग्लुकोजचं द्रावण उष्णतेनं निर्जंतुक करताना त्यात ग्लुकोजचे घातक, एजीईंना खतपाणी घालणारे तुकडे तयार होतात. दोन कप्प्यांच्या पिशवीत ते बरेच कमी असतात, तिची चौकशी करा. कोलॅजेनमधल्या गाठी तोडणारं औषध म्हणून कुणी काही विकत असेल तर घेऊ नका. तसं सिद्ध औषध आज हातात नाही.

आणि आहार. कोरडं भाजणं, तळणं कमी. उकडणं, वाफवणं जास्त. पण एजीईच्या भीतीनं प्रथिनं तोडू नका. कुपोषित रुग्णांतही त्वचेचा आकडा चढलेला आढळतो. डायलिसिसवर दिवसाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतातच. ताटातलं तेवढंच ठेवा, फक्त शिजवायची पद्धत बदला.