नाव कळल्यानंतर

मित्रांनो, पक्षी पाहायला जाणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो: आतापर्यंत किती जाती पाहिल्या? जगात पक्ष्यांच्या जवळपास ११ हजार जाती आहेत. तेव्हा यादी वाढवण्याचा मोह व्हायचाच. यादी जरूर ठेवा. २००२ साली सुरू झालेल्या ईबर्ड या संकेतस्थळावर जगभरातले हौशी लोक आपल्या नोंदी टाकतात आणि कुठला पक्षी कधी येतो, कुठे कमी होत चाललाय, हे अभ्यासकांना त्यावरून उमगतं. पण माझा आज एकच आग्रह आहे. नाव कळलं की लगेच दुर्बीण खाली करू नका. खरी मजा तिथून पुढे आहे.

दुर्बिणीचा विषय निघालाच आहे, तर थोडं सांगतो. नवशिक्यांना जास्त ताकदीची हवी असते. पण ताकद वाढली की हाताची थरथरही तितकीच मोठी दिसते आणि दिसणारा टापू आक्रसतो. आठ बाय बेचाळीस, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं असलेली, पुरेशी आहे. आणि पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून हलवू नका. मान तशीच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. नाहीतर पानंच शोधत बसाल.

किनाऱ्यावर चिखलात चोची खुपसत फिरणारे मातकट पक्षी तुम्ही पाहिले असतील. ओळखायला अवघड, दिसायला साधे, म्हणून आपण ते सोडून देतो. त्यांतलाच एक पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा. २०२२ साली उपग्रह टॅग लावलेलं त्याचं एक पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून निघालं आणि ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडून थेट टास्मानियात उतरलं. वाटेत कुठेही न थांबता! हे माहीत झालं की चिखलातल्या त्या पक्ष्याचं पोट भरणं आपण वेगळ्याच नजरेने पाहायला लागतो.

आता छोटा खंड्या घ्या. चिमणीएवढा जीव. त्याच्या पाठीवरची निळाई रंगद्रव्याची नाही. पिसांच्या सूक्ष्म रचनेवर उजेड पडून ती तयार होते, त्यामुळे पक्षी जरा वळला की तीच पाठ हिरवट दिसते, पुन्हा वळला की झगझगीत निळी. बहुतेक लोक एवढं पाहून खूश होऊन पुढे जातात. तुम्ही थांबा. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर तो बसलेला असतो. डोकं एकदोनदा वरखाली करतो, अंतराचा अंदाज घेतो आणि सूर मारतो. मासा घेऊन परत येतो, फांदीवर आपटून आपटून त्याला गार करतो आणि मग चोचीत फिरवून घेतो. स्वतः खायचा असेल तर माशाचं डोकं घशाकडे, कारण कल्ले आणि खवले मागच्या बाजूला वळलेले असतात, शेपटीकडून गिळायला गेलं तर ते घशात अडकतील. पण कधी कधी तो माशाचं डोकं बाहेरच्या बाजूला धरतो. म्हणजे हा घास त्याचा नाही, मादीचा किंवा पिलांचा आहे! भरवताना तो मासा समोरच्याच्या घशात डोक्याकडून जायला हवा ना. एवढीशी गोष्ट, पण ती दिसली की त्या पक्ष्याचा अख्खा संसार डोळ्यांपुढे उभा राहतो. मला तरी याहून मोठा आनंद माहीत नाही.

आणि नेमकं इथेच जपायचं असतं. असा मासा चोचीत धरून खंड्या नुसताच बसून राहिला, काठावरच्या बिळाकडे जाईना, तर बहुधा तो तुमच्यामुळे अडलाय. आत पिलं भुकेली आहेत. फोटोचा मोह सोडा आणि तिथून लांब व्हा. फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्षी बाहेर काढणंही मला अजिबात पटत नाही. विणीच्या हंगामात नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. मग तो खाणं आणि पिलं सोडून नसलेल्या शत्रूला हुडकत फिरतो. त्याचं गाणं त्याच्या वेळेला ऐका. त्यासाठी उजाडायच्या आधी तिथे पोचावं लागतं, एवढंच.