अज्ञात वाहनाच्या धडकेत

पेपरात चार ओळींची बातमी येते, 'अज्ञात वाहनाच्या धडकेत दुचाकीस्वार ठार', आणि घरच्यांना वाटतं संपलं सगळं, गाडीच नाही तर भांडायचं कोणाशी? माझ्याकडे एक ताई आल्या होत्या. नवरा जाऊन चार महिने झालेले, पिशवीत एफआयआरची प्रत, घड्यांवर फाटत आलेली. आपल्याला सरकारी योजनेतून 2 लाख मिळू शकतात, हे तोवर त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आधी ड्रायव्हरचं बोलू. "साहेब, थांबलो असतो तर लोकांनी मारलं असतं," असं तो म्हणतो. दर वेळी खोटं नसतं ते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 मध्ये जखमीला दवाखान्यात नेण्याचं बंधन आहे, पण जमाव खवळला असेल तर त्यातून सूट आहे. पोलीस ठाण्यात जाण्यातून मात्र नाही! पोलीस समोर नसतील तर लवकरात लवकर, फार तर 24 तासांत, जवळच्या ठाण्यात जायचं आणि मदत का करता आली नाही तेही सांगायचं. अपघातात माणूस मेला आणि ड्रायव्हर न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, या भारतीय न्याय संहितेतल्या पोटकलमाविरुद्ध जानेवारी 2024 मध्ये ट्रकवाल्यांनी संप केला, पंपांवर रांगा लागल्या, आठवत असेल. 1 जुलैला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. 134 मात्र तेव्हाही होतं, आजही आहे.

आता ज्याला धडक बसली त्याच्याकडे येऊ. रस्त्यावर इंडिकेटरचं फुटकं प्लास्टिक, आरशाचा तुकडा पडलेला असतो. झाडून टाकू नका. पंचनाम्यात येऊ द्या, त्यावरून गाडीचं मॉडेल कळू शकतं. पंपाचं, ढाब्याचं सीसीटीव्ही काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते ताब्यात घ्या असा अर्ज पोलिसांना पहिल्याच दिवशी द्या.

नंबर सापडला तर दावा अपघात न्यायाधिकरणात. कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा रेंगाळू नका.

शोधूनही गाडी सापडली नाही, तर कायद्याच्या भाषेत तेच 'हिट अँड रन', मोटार वाहन कायद्याचं कलम 161. मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50 हजार. एप्रिल 2022 पूर्वी हेच आकडे 25 हजार आणि साडेबारा हजार होते! अर्ज तहसीलदार किंवा प्रांताकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची, पैसे थेट बँक खात्यात. पुढे गाडी सापडून भरपाई मिळाली, तर त्यातून ही रक्कम वळती होते. महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर पोलिसांनी घरच्यांना या योजनेची लेखी माहिती द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये बजावलं आहे. ते पत्र आलं नसेल तर ठाण्यात जाऊन मागा.

त्या ताईंबरोबर मी अर्ज द्यायला गेलो. टेबलावरच्या कारकुनाने कागद उलटेपालटे केले आणि विचारलं, "गाडीचा नंबर कुठे लिहिलाय?"

ताई म्हणाल्या, "भाऊ, नंबर असता तर इथं कशाला आले असते?"